गाडी उभी होती, वेग शून्य

"इन्शुरन्स आहे ना? मग कशाला डोक्याला ताप करून घेताय!"

गेल्या दीड महिन्यात हे वाक्य मला वॉचमननं ऐकवलं, शेजारच्या काकूंनी ऐकवलं, सख्ख्या भावानं ऐकवलं. आणि ज्यानं माझी उभी गाडी ठोकली, त्या पाण्याच्या टँकरच्या मालकानंही. म्हणून आज जरा हिशोबच मांडते.

पुण्यात धायरीत राहणाऱ्यांना टँकरचं वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला येतो. सोसायटीत आमच्या वाट्याला पार्किंग आलेलं नाही, त्यामुळे गाडी गेटबाहेर, भिंतीला अगदी चिकटवून. त्या दिवशी क्लीनर आला नव्हता, मागं बघायला कुणी नाही, आणि टँकर रिव्हर्समध्ये माझ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर आला. बंपर फाटला, टेल लॅम्प फुटला, डिकी आणि बाजूचा पत्रा आत गेला.

टँकर चालवणारा पोरगा पळून गेला नाही, हे आधी सांगते. विशीतला असेल. "ताई, चुकलं. मालकाला सांगू नका, पगारातून कापतील." पण मालकाला सांगावंच लागलं. मालक फोनवर म्हणाला, दोन हजार घ्या आणि विषय मिटवा, नाहीतर इन्शुरन्स आहेच की तुमचा.

अहो, तुमचाही आहे! मी तिथंच उभी राहून एम-परिवहन या सरकारी ॲपवर टँकरचा नंबर टाकून पाहिला. विमा चालू होता. म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतचं थर्ड पार्टी कव्हर त्या टँकरवर आहे, आणि ते नेमकं माझ्यासारख्यांसाठीच आहे. फक्त ते मिळवायची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. वकील, अर्ज, तारखा. बावीस हजारांच्या पत्र्यासाठी कोण जाणार? पोलीस चौकीत गेले तर पहिला प्रश्न, "कुणाला लागलंय का?" नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहराच सैलावला. नोंद करून घेतली, चहा विचारला, आपसात मिटवा म्हणाले.

मग माझ्याच विमा कंपनीकडे क्लेम. फॉर्ममध्ये रकाना: अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं? लायसन्स नंबर? वेग किती होता? मी लिहिलं, गाडी उभी होती, मी झोपले होते. दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, चालकाचं नाव रिकामं ठेवता येत नाही." शेवटी माझं नाव, माझं लायसन्स, वेग शून्य. कागदोपत्री आता मी झोपेत गाडी चालवत होते, भिंतीला चिकटून.

आता आकडे. गॅरेजचं एस्टिमेट सगळं धरून २१,९०० रुपये. बंपर ४,२००, लॅम्प ३,६००, डेंटिंग ४,५००, पेंटिंग ९,६००. गाडी २०१९ची. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, गेल्या वर्षी एजंटच्या सांगण्यावरून सोडलं होतं ("जुन्या गाडीला कशाला?"). त्यामुळे प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा: २,१०० आणि १,८०० माझे. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात: १,२००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० आपल्या खिशातून. झाले ६,१००. पत्रा ठोकून सरळ झाला म्हणून बरं. नवीन लागला असता तर पाच वर्षांपुढच्या गाडीला धातूवरही ४० टक्के कापले असते.

लोक इथंच थांबतात. म्हणतात, सहा हजारात सुटलीस.

सुटले नाही. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर होता, इतकी वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला. एका क्लेमनं पुढच्या रिन्यूअलला तो शून्य. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण, ५०वर पोचायला सहावं रिन्यूअल उजाडतं. बोनस धरायच्या आधी माझा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम साधारण ७,००० आहे. दर वर्षी जेवढी सूट हुकणार तिची बेरीज केली: ५० अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५. सव्वाशे टक्के. म्हणजे ८,७५०. गाडीची किंमत उतरेल तसा प्रीमियमही उतरेल, तेव्हा थोडे कमी धरा.

६,१०० अधिक ८,७५०, चौदा हजार आठशे पन्नास. २१,९०० मधले एवढे माझे. ज्या विम्यासाठी वर्षानुवर्षं पैसे भरले, त्यानं मला दिले सात हजार आणि काही चिल्लर. बिल दहा-बारा हजारांचं असतं तर क्लेम करणं चक्क तोट्याचं ठरलं असतं.

मला इतकी वर्षं वाटायचं की हा बोनस म्हणजे नीट गाडी चालवल्याचं बक्षीस. नाव नीट वाचलंच नव्हतं. ते बक्षीस चूक न केल्याचं नाही, क्लेम न केल्याचं आहे. चूक कुणाची, हा प्रश्न त्यात कुठंच येत नाही. उभ्या गाडीच्या बाबतीत तरी तो यायला हवा, एवढंच माझं म्हणणं. जिचं इंजिनही बंद होतं, तिच्या मालकिणीला पाच वर्षं मागं ढकलायचं आणि रिव्हर्स घेणाऱ्याच्या पॉलिसीला ओरखडाही नाही, हा कुठला न्याय? दोन्ही कंपन्यांनी आपसात बघून घ्यावं की. माझ्या कंपनीनं त्यांच्याकडून वसूल करावं, माझ्या बोनसला हात लावू नये. एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असतं म्हणे. म्हणजे दुसऱ्याच्या चुकीपासून माझी सूट वाचवायला जादा पैसे मीच भरायचे.

दोन हजार मी घेतले नाहीत. भाऊ म्हणतो मूर्खपणा केलास. असेलही.

उभ्या गाडीच्या नुकसानीसाठी समोरच्याच्या थर्ड पार्टीवर न्यायाधिकरणात जाऊन खरोखर पैसे मिळवलेलं कुणी माझ्या मित्रयादीत आहे का? किती तारखा पडल्या आणि वकिलानं किती घेतले, तेवढं सांगा.