‘माणसाला हे जमलंच नसतं’ असं का वाटतं?

दावा असा असतो: गिझाचा पिरॅमिड, पेरूच्या वाळवंटातल्या नाझ्काच्या प्रचंड रेषा, वेरूळचं कैलास ही कामं त्या काळच्या माणसांच्या आवाक्याबाहेरची होती. परग्रहावरून कोणीतरी येऊन ती केली किंवा शिकवली, आणि संशोधक हे दडवून ठेवतात.

हा दावा पटणारी माणसं बहुतेकदा जिज्ञासू असतात. त्या वास्तू पाहून त्यांना वाटणारं आश्चर्य रास्तच आहे. अडचण एवढीच की आपल्यापुढे पुरं झालेलं काम उभं असतं, ते करण्याची रीत दिसत नाही. हातानं दगड फोडणं, ओढणं, रचणं आपल्या रोजच्या पाहण्यातून गेलं आणि त्याबरोबर श्रमाचा अंदाजही गेला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन हिशेब मांडू.

“पिरॅमिडला २० वर्षांत २३ लाख दगड, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. अशक्य!”

भागाकार बरोबर आहे. रोज दहा तास काम धरलं तर दिवसाला साधारण ३१५ दगड होतात. हा आकडा धडकी भरवतो, कारण डोळ्यांपुढे एकच रांग येते. प्रत्यक्षात पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आहे आणि दगडांची मुख्य खाण तिथून काहीशे मीटरवर.

सरासरी अडीच टनांचा दगड लाकडी घसरगाडीवर, ओल्या चिखलाच्या वाटेवरून ओढायचा. घर्षणासाठी वजनाच्या ३० टक्के, म्हणजे ७५० किलोंचा जोर लागेल. दहाला एक असा चढ असेल तर आणखी २५०. माणूस सलग ३० ते ३५ किलोंचा जोर लावू शकतो, म्हणजे एका दगडामागे तीसेक माणसं. त्यांनी दिवसाला सहा खेपा केल्या, तर ५२-५३ टोळ्या पुरतात. ओढणारे झाले सोळाशेच्या आसपास. खाणीतले, रचणारे, पाणी-अन्न पुरवणारे धरले की काही हजारांचा मेळ बसतो.

शिवाय पिरॅमिडच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीत एकूण दगडांपैकी ७० टक्के दगड आहेत. सर्वांत वरच्या एक-तृतीयांशात चार टक्केही नाहीत. बहुतेक दगड ५० मीटरच्या वर चढवावेच लागले नाहीत. ‘शेवटचे दगड १४० मीटरवर कसे नेले’ हा प्रश्न खरा आणि अवघड आहे, पण तो थोड्याच दगडांचा आहे.

“यंत्रं नव्हती, मग ओढले कसे?”

उत्तर इजिप्तच्या लोकांनी स्वतःच भिंतीवर रंगवून ठेवलंय. जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याच्या, इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमाराच्या थडग्यात एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर दोरांनी आवळलेला, पुढे चार रांगांत १७२ माणसं. पुतळ्याच्या मांडीवर उभा असलेला एकजण टाळ्या वाजवून ठेका देतोय. पायाशी उभा असलेला दुसरा गाडीच्या पुढ्यात पाणी ओततोय.

या ओतण्याला बराच काळ धार्मिक विधी मानलं जायचं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला. कोरड्या वाळूत गाडी ओढली की पुढे वाळूचा ढीग साचतो आणि गाडी त्यात रुतते. पाणी जास्त झालं तर वाळू पातळ होऊन सरकते. बेताचं पाणी पडलं की कणाकणांत पाण्याचे सांधे तयार होतात, वाळू घट्ट होते आणि ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो. त्या चित्रातला पाणी ओतणारा माणूस रांगेतल्या कोणाहीइतकाच कामाचा होता!

आणि ‘कोणी बांधलं’ याचं लेखी उत्तरही आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं पपायरसचे (लव्हाळ्याच्या कागदाचे) तुकडे सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० माणसांची टोळी घेऊन तो तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेनं गिझाला आणायचा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रात्रीचा मुक्काम कुठे, आज दगड भरले की उतरवले, अशा रोजच्या नोंदी. काळ खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरचा, म्हणजे याच पिरॅमिडच्या कामाचा.

“ही विद्या अचानक आली.”

अचानक आली असती तर चुका दिसल्या नसत्या. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड पहिला, साधारण शंभर वर्षं आधीचा. पुढे खुफूच्या बापानं, स्नेफेरूनं, दाहशूरला ५४ अंशांच्या चढानं बांधायला घेतलं. आत तडे जाऊ लागले, तेव्हा सुमारे ४७ मीटरवर उतार ४३ अंशांवर आणला. म्हणून तो पिरॅमिड मध्येच वाकलेला दिसतो. पुढचा त्यानं सरळ ४३ अंशांनीच बांधला. त्यानंतर गिझा. अस्वानच्या खाणीत तर ४२ मीटरांचा ओबेलिस्क (एकाच दगडाचा उंच स्तंभ) खडकाला चिकटूनच पडून आहे, कारण कोरताना त्याला भेग गेली. भोवती डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचल्याच्या खुणा आजही मोजता येतात.

वेरूळचंही असंच. ‘१८ वर्षांत ४ लाख टन दगड काढला’ हे वाक्य कुठल्याही शिलालेखात नाही, तरी धरून चालू. दिवसाला ६१ टन झाले. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एका माणसाला दिवसाला चार घनफूट दगड फुटतो असं धरलं होतं. काळ्या दगडाचं ते वजन तीनशे किलोंच्या वर जातं. म्हणजे छिन्नी-हातोड्याचे दोनशे पाथरवट आणि राडा उपसणारे पुरेत. काम वरून खाली गेलं, त्यामुळे जड दगड उचलायचा प्रश्नच आला नाही. त्याच डोंगरातलं ‘छोटा कैलास’ हे जैन लेणं अर्धवट सोडलेलं आहे. पायऱ्या-पायऱ्यांनी काम कसं उतरत जातं, ते अशा अपुऱ्या लेण्यांत वाचता येतं.

इसवी सन ८१२ च्या बडोदा ताम्रपटात राष्ट्रकूट राजा कृष्णानं उभारलेल्या मंदिराचं वर्णन आहे. ते घडवणाराच थक्क होऊन ‘हे माझ्या हातून झालं कसं’ म्हणतो, असं त्यात येतं. आपलं आश्चर्य तेव्हाही होतं, आणि ते कारागिराच्या तोंडी होतं.

“पिरॅमिडच्या मापात पाय (π, म्हणजे सुमारे २२/७) कसा आला?”

उतार मोजायच्या त्यांच्या पद्धतीतून आला. एक हात, म्हणजे सात मुठी वर गेलं की साडेपाच मुठी आत यायचं. पायाची बाजू ४४० हात, उंची २८० हात. परिमितीला उंचीनं भागा, दोन वेळा २२/७ मिळतं. साडेपाच मुठींचा सोयीचा उतार निवडला की हे आपोआप घडतं.

“चित्रात रॉकेट स्पष्ट दिसतंय.”

मेक्सिकोतल्या पालेंके शहराचा माया राजा पाकाल ६८३ मध्ये वारला. १९५२ मध्ये सापडलेल्या त्याच्या शवपेटीचं झाकण आडवं धरलं की यानात बसलेला चालक दिसतो. उभं धरलं की खाली पाताळाचा जबडा, मध्ये राजा, त्याच्यामागून वर जाणारा विश्ववृक्ष, शेंड्यावर पक्षी. तेच झाड त्याच शहरातल्या दुसऱ्या मंदिराच्या शिलापटावर आहे, आणि तिथं त्यात कोणी बसलेलं नाही. माया लोकांचं झाड आपल्या ओळखीचं नाही, रॉकेट आहे. डोळा ओळखीचं शोधतो. १९५७ चा स्पुटनिक आणि १९६९ ची चांद्रमोहीम यांच्या आसपास हा विश्वास फोफावला, त्यामागे हेच आहे.

नाझ्काला विमानतळ म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: वरचे गडद खडे बाजूला केले की खालची फिकट माती दिसते, रेषा म्हणजे एवढंच. १९८२ मध्ये सहा जणांनी खुंट्या आणि दोरी वापरून, हवेत न जाता, तिथल्या १३४ मीटरांच्या पक्ष्याची नक्कल दीड दिवसात आखून दाखवली.

“एवढं सगळं त्या लोकांना?”

हा मुद्दा सहसा उघड बोलला जात नाही, आणि म्हणूनच सर्वांत जास्त खटकतो. संशय बहुधा आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कामांवर घेतला जातो. युरोपातली मध्ययुगीन कॅथेड्रल कोणी बांधली, असं क्वचितच कोणी विचारतं. दक्षिण आफ्रिका खंडातल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या शहराच्या दगडी भिंती आफ्रिकी माणसांनी बांधल्या हे वसाहतवाल्यांना मान्य नव्हतं, म्हणून श्रेय फिनिशियनांना (भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन व्यापाऱ्यांना) देऊन झालं. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून ते खोडलं. तेव्हा फिनिशियन होते, आता परग्रहवासी आहेत.

“पुरावे दडपले जातात.”

इजिप्तचा फॅरो (राजा) तुतनखामुन याच्या ममीवर लोखंडी पात्याची कट्यार होती. २०१६ मध्ये क्ष-किरणांनी तपासणी झाली. पात्यात सुमारे ११ टक्के निकेल आणि थोडं कोबाल्ट निघालं, म्हणजे ते लोखंड उल्केचं. फॅरोच्या अंगावर अवकाशातून आलेला धातू सापडला आणि संशोधकांनी तो जगजाहीर केला. परग्रहावरच्या वस्तूचा नखाएवढा तुकडा मिळाला, त्यातल्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) प्रमाण आपल्या सूर्यमालेत कुठंच न आढळणारं निघालं, तर तो शोधणाऱ्याचं नाव कायमचं राहील. असा तुकडा पिरॅमिडच्या परिसरात निघालेला नाही. निघाल्यात त्या कामगारांच्या वस्तीतल्या भट्ट्या, पाव भाजायचे मातीचे साचे, आणि थडग्यांत झिजलेल्या मणक्यांचे सांगाडे. त्यांतली काही मोडलेली हाडं सरळ बसवून, नीट जुळून आलेली आहेत.