दुसऱ्याच्या चाकामागचे अठरा मोसम

सायकल शर्यतींच्या जाणकारांत योप झूटेमेल्कचे नाव निघाले की कोणीतरी तो जुना विनोद सांगतोच. उन्हाळाभर उघड्या रस्त्यांवर सायकल चालवूनही हा डच माणूस गोराच्या गोरा राहिला, कारण तो सदैव त्या काळचा अव्वल बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स याच्या सावलीत असे. विनोद फर्मास आहे आणि मीही तो अनेकदा सांगितला आहे. पण त्याची कारकीर्द पुन्हा एकदा सलग वाचून काढल्यावर तो सांगायला माझी जीभ रेटत नाही. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून राहण्याच्या ज्या सवयीबद्दल त्याला आयुष्यभर हिणवले गेले, तिच्यामुळेच तो इतकी वर्षे टिकला, असे माझे आता मत झाले आहे. त्या सवयीने त्याचे नुकसानही केले, हे मी नाकारत नाही.

झूटेमेल्कचा जन्म १९४६ चा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १०० किलोमीटरच्या सांघिक शर्यतीत सुवर्णपदक मिळवून तो १९७० मध्ये व्यावसायिक झाला आणि पहिल्याच टूर द फ्रान्समध्ये मर्क्सच्या मागे दुसरा आला. त्यानंतर १९८६ पर्यंत त्याने एकूण सोळा वेळा टूरमध्ये भाग घेतला आणि सोळाही वेळा ती पूर्ण केली. एकदा जिंकली, सहा वेळा दुसरा आला. तीन आठवडे रोज शर्यत, मध्ये आल्प्स आणि पिरेनीजचे घाट, पाऊस, ऊन, अपघात. यात दरवर्षी कितीतरी चांगले सायकलपटू अर्ध्यावरच घरी परततात. सोळांपैकी एकदाही न गळणे हा मला विजेतेपदाइतकाच मोठा पराक्रम वाटतो. फक्त त्याची जर्सी मिळत नाही.

‘चाकाला चिकटणे’ म्हणजे काय, हे ज्याने कधी गटात सायकल चालवली आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. सपाट रस्त्यावर वेग वाढू लागला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्या सायकलच्या मागे हातभर अंतर ठेवून शिरलात, की कानांतला वाऱ्याचा आवाज एकदम पडतो, पायांवरचा भार हलका होतो आणि मघापर्यंत धाप लागलेली असताना आता शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतात. पण आडोसा फुकट मिळत नाही. नजर सतत पुढच्याच्या मागच्या चाकावर ठेवावी लागते, त्याने ब्रेकला हात लावण्याआधी ते ओळखावे लागते आणि वारा बाजूने येऊ लागला तर आपली जागा तिरकी सरकवावी लागते. हे दिवसाचे पाच-सहा तास, वर्षानुवर्षे, पडझड टाळून करत राहणे ही कला आहे. तिला आळशीपणा म्हणणारे लोक बहुधा शर्यत फक्त दूरचित्रवाणीवर पाहणारे असावेत.

पडझड त्याला अगदीच चुकली नाही. १९७४ चा वसंत त्याचा होता. पॅरिस-नीस शर्यतीत त्याने चक्क मर्क्सला मागे टाकले होते. त्यानंतर मिदी लिब्र शर्यतीत, टप्पा संपण्याच्या ठिकाणी, तो रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीवर आदळला आणि त्याची कवटी फुटली. पुढे मेंदुज्वराने गाठले. तो जगला, पण त्याची चव घेण्याची शक्ती गेली. (झूटेमेल्क या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘गोड दूध’ असा होतो, नियतीचा विनोद आपल्या विनोदापेक्षा क्रूर असतो.) दिवसभर खाऊन दिवसभर ते जाळणे हाच ज्याचा पेशा, त्याला पुढची सगळी वर्षे प्रत्येक घास बेचव लागला असेल. १९७४ ची टूर हुकली, १९७० ते १९८६ या काळातली तेवढी एकच. पुढच्याच वर्षी त्याने पॅरिस-नीस पुन्हा जिंकली आणि टूरमध्ये तो चौथा आला.

आता त्याच्या विरोधात जाणारी बाजू. १९७६ च्या टूरमध्ये मर्क्स नव्हता, झूटेमेल्क ऐन भरात होता, आल्प द्युएझसह घाटांतले तीन टप्पे त्याने जिंकले, आणि तरीही टूर लुसियाँ व्हॅन इम्पने नेली. पिरेनीजमध्ये व्हॅन इम्पने हल्ला चढवला तेव्हा झूटेमेल्क वेळीच त्याच्या मागे गेला नाही. ताकद राखून ठेवायची ही त्याची जन्माची सवय त्या दिवशी त्याच्यावर उलटली, असे मला वाटते. त्या टूरबद्दल त्याच्यावर झालेली टीका मला रास्त वाटते.

याहून गंभीर गोष्ट उत्तेजकांची. १९७७, १९७९ आणि १९८३ अशा तीन टूरमध्ये त्याच्यावर उत्तेजकांच्या चाचणीवरून कारवाई झाली. त्या काळी शिक्षा म्हणजे एकूण वेळेत दहा मिनिटांची भर घालणारा दंड, एवढेच. १९७९ च्या निकालात तो विजेत्या बर्नार इनोच्या १३ मिनिटे ७ सेकंद मागे दिसतो, त्यातली दहा मिनिटे दंडाची आहेत. तिसरा स्पर्धक इतका मागे होता की दंड होऊनही याचे दुसरे स्थान हलले नाही. दीर्घ कारकिर्दीचे गोडवे गाताना हा भाग वगळणे मला अप्रामाणिक वाटते. ‘तेव्हा सगळेच घेत’ हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. मात्र त्याच टूरच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा आघाडीचे स्पर्धक सहसा निवांत असतात, तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर पहिला आणि दुसरा, म्हणजे इनो आणि झूटेमेल्क, असे दोघेच बाकी सगळ्यांना सोडून पुढे निघाले होते. हा माणूस कधी हल्लाच करत नसे, असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

१९८० ची टूर त्याने जिंकली, आणि तीही लोकांनी मनापासून दिली नाही. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण आघाडी, इनोकडे होती, गुडघा दुखावल्याने तो पो गावातून रात्री शर्यत सोडून गेला आणि आघाडी झूटेमेल्ककडे आली. दुसऱ्या क्रमांकावरच्या हेनी कायपरपेक्षा तो अखेरीस ६ मिनिटे ५५ सेकंद पुढे होता. गुडघे शाबूत ठेवणे हा या खेळाचाच भाग आहे, म्हणून ते विजेतेपद मी उसने मानत नाही.

माझ्या लेखी त्याची खरी शर्यत १९८५ ची आहे. इटलीत, जियावेरा देल मोंतेल्लो येथे जागतिक अजिंक्यपद होते. झूटेमेल्कला एकोणचाळिसावा वाढदिवस तीन महिन्यांवर आला होता. शर्यतीच्या अखेरीस मोजकेच सायकलपटू पुढे उरले होते, त्यांत ग्रेग लेमाँड होता आणि घरच्या प्रेक्षकांपुढे धावणारा मोरेनो अर्जेंटिन होता. अर्जेंटिनचा शेवटचा वेग सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून त्याला आपल्या मागे आडोसा देत अंतिम रेषेपर्यंत ओढून नेण्याची कोणाचीच तयारी नव्हती. अशा क्षणी झूटेमेल्क गटातून निसटला. मागचे एकमेकांकडे पाहत राहिले. वारा अंगावर घ्यायचा कोणी, हा प्रश्न सुटेपर्यंत तो जगज्जेता झाला होता. अठरा मोसमांत जी सवय त्याची म्हणून हिणवली गेली, ती त्या दोन मिनिटांत बाकी सगळ्यांनी अंगीकारली होती, आणि वाऱ्यात एकटा तोच होता.

जगज्जेत्याला मिळणारी इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून त्याने १९८६ ची, आपली शेवटची टूर पूर्ण केली. पुढच्या वर्षीच्या वसंतात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो मायदेशातली आम्स्टेल गोल्ड शर्यत जिंकला आणि त्या मोसमाअखेर थांबला.