सबसिडी राहू द्या, आधी टेंडर नीट करा

मंडळी, "ग्रिडचं (वीज वाहून नेणाऱ्या आणि वाटणाऱ्या जाळ्याचं) साहित्य आपल्या राज्यात बनलं पाहिजे, त्यासाठी धोरण पाहिजे" हे वाक्य हल्ली उद्योगावरच्या प्रत्येक भाषणात ऐकू येतं. माझं त्याला पूर्ण अनुमोदन आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शेड टाकून ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या, क्रॉस आर्म, क्लॅम्प, स्टे सेट असली लोखंडी कामं करणाऱ्या माणसाचं नसेल तर कुणाचं असणार? पण धोरण म्हटलं की आपल्याकडे गाडी लगेच ठरलेल्या वळणावर जाते. जागा किती स्वस्त, भांडवली अनुदान किती टक्के, वीजदरात सूट किती, मुद्रांक शुल्क माफ आहे का.

हे सगळं २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत होतंच की. तालुक्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी, मागास तालुक्याला जास्त सवलत, राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा. वाईट काहीच नाही. पण परतावा म्हणजे आधी भरा, मग मागा, मग वाट बघा. आणि मुळात आमच्या धंद्याची अडचण तिथे नाहीच.

ग्रिडच्या साहित्याचं वेगळेपण असं, की इथे सरकार नुसतं नारळ फोडायला येत नाही, तेच मुख्य गिऱ्हाईक आहे. २००५ साली वीज मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी महावितरण आणि महापारेषण राज्याच्याच मालकीच्या राहिल्या. साबण किंवा बिस्किटाच्या कारखान्याला सरकार मदत करतं, तेव्हा माल विकायला त्याला बाजारात जावं लागतं. पोलवरचा क्लॅम्प मी कुणाला विकणार? गिऱ्हाईक एकच. म्हणून त्या गिऱ्हाईकाचं टेंडर हेच खरं औद्योगिक धोरण, बाकीची पुस्तिका आर्ट पेपरवर कितीही सुंदर छापा. किराणावाल्याची उधारी थकवायची आणि वर त्याला नव्या काउंटरसाठी देणगी द्यायची, असला प्रकार सध्या चालू आहे.

मागणी नाही असं तर कुणी म्हणूच शकत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वीज योजनेत २०२२-२३ ते २०३१-३२ या दहा वर्षांसाठी पारेषणाचा नऊ लाख कोटींवरचा आराखडा आहे. १ लाख ९१ हजार सर्किट किलोमीटर लाइन आणि १,२७० जीव्हीए ट्रान्सफॉर्मर क्षमता, आणि तीही फक्त २२० केव्ही आणि त्यावरची. वितरण सुधारण्याची केंद्राची आरडीएसएस योजना वेगळी, ती ३ लाख कोटींच्या घरात. जगभर तर मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी दोन-तीन वर्षं थांबायची पाळी आलीय. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचं लक्ष्य १६ हजार मेगावॅटचं. त्यातला प्रत्येक छोटा सौर प्रकल्प गावाजवळच्या सबस्टेशनला जोडायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, केबल, लोखंडी सांगाडे आले.

आणि आपला सांगली-साताऱ्याचा पट्टा विजेला नवखा आहे का? कोयना १९६२ पासून वीज देतेय, चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून १,९६० मेगावॅट. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पंप पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात, ते काय विजेशिवाय? इतकी वीज बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या भागात विजेच्या साहित्याचा धंदा मात्र दुरुस्ती आणि सुट्या लोखंडापुरताच दिसतो. सातारकरांनी वाईट वाटून घेऊ नये, सांगलीची परिस्थिती काही निराळी नाही.

कुणी म्हणेल, तुमच्याकडे कसब कुठाय? कसब बघायचं असेल तर तासगाव, विटा, इस्लामपूर, कराड, कुठल्याही बाजारपेठेत जा आणि मोटार रिवाइंडिंगची दुकानं बघा. विहिरीची मोटार जळाली की सकाळी आणून टाकायची आणि संध्याकाळी कॉइल भरून न्यायची, ही इथली रीत आहे. ज्या पोराचा हात त्या स्लॉटमध्ये बसलाय, त्याला ट्रान्सफॉर्मरची एचटी, म्हणजे उच्च दाबाची कॉइल शिकायला कितीसा वेळ लागणार? ओतकाम तर आपल्या आणि कोल्हापूरच्या रक्तातच आहे. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतंय, ते पुण्याला जातात ही गोष्ट वेगळी.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण आता कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं आणि बिनव्याजी दहा हजार दिले, हे खरं. पण लोखंडी नांगरानं जमिनीला विष बाधतं असं शेतकरी म्हणत होते, आणि ते मन वळेपर्यंत कारखाना नांगरांच्या ढिगावर बसून होता. जागा आणि भांडवल मिळूनही गिऱ्हाईक नसेल तर काय होतं, ते तिथेही दिसतंच. लक्ष्मणरावांना हजारो शेतकऱ्यांची मनं वळवायची होती. आम्हाला एकाच खात्याचं वळवायचंय आणि ते जास्त अवघड निघालंय!

आता टेंडरकडे येतो. पूर्वी साहित्याचं टेंडर वेगळं निघायचं आणि उभारणीचं वेगळं. आता बरंचसं काम टर्न-की पद्धतीनं, म्हणजे साहित्यापासून उभारणीपर्यंत सगळं एकाच ठेकेदाराकडे जातं. अख्ख्या सर्कलचं, म्हणजे वीज कंपनीच्या एका मोठ्या कार्यक्षेत्राचं काम एका पॅकेजमध्ये, उलाढालीची अट अशी की आमच्या सगळ्या एमआयडीसीची बेरीज केली तरी आत बसायची पंचाईत. मग बाहेरचा मोठा ठेकेदार काम घेतो, त्याच्या खाली दुसरा, आणि तिसऱ्या पायरीवर आम्ही. दर त्यानं ठरवायचा, स्टील आम्ही रोखीनं आणायचं. मागे अशाच एका ठेकेदाराला माल दिला. बिलाचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "मालक, वरून बिल निघालं की लगेच तुमचंच." वरून म्हणजे नेमकं कुठून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या काळात माझी कॅश क्रेडिट मर्यादा तोंडाशी आली होती आणि व्याज मीच भरत होतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकरातही तरतूद आली, की छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी वजावट नाही. (ज्याच्या ताळेबंदात नफाच नाही त्याला वजावटीची काय भीती, हा प्रश्न मनात येतोच.) पण तक्रार करायची म्हणजे पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडायचं. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात तिप्पट व्याज मागायचं धाडस करणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे, तिथे बिल चढवलं आणि खरेदीदारानं मान्य केलं की बँक लगेच पैसे देते आणि नंतर खरेदीदाराकडून वसूल करते. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झालीय. नोंदणी होते, घोडं अडतं ते बिल मान्य करण्यावर. माल साइटवर उतरला, तपासणी झाली, की अमुक दिवसांत बिल मान्य झालंच पाहिजे, नाहीतर ते मान्य झालं असं धरलं जाईल, एवढी एक अट टेंडरमध्ये टाका. ती ठेकेदारालाही लागू करा आणि त्याच्या खालच्या पुरवठादारापर्यंत न्या. तिजोरीवर नवा भार नाही, कॅबिनेटची बैठकही लागणार नाही.

दुसरी गोष्ट चाचणीची. ट्रान्सफॉर्मरचा नवा नमुना केला की त्याची टाइप टेस्ट लागते, त्यात शॉर्ट सर्किटची परीक्षा असते. त्यासाठी बंगळूर किंवा भोपाळची सीपीआरआय ही केंद्राची वीज संशोधन संस्था, नाहीतर वडोदऱ्याची एर्डा ही चाचणी संस्था. नमुना गाडीत घालायचा, नंबर लागेपर्यंत थांबायचं, नापास झाला तर परत आणून खोलायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा न्यायचा. मोठ्या कंपनीला हा किरकोळ खर्च, नव्या माणसाला इथेच घाम फुटतो. शॉर्ट सर्किटच्या परीक्षेला मागे भक्कम वीज लागते. मध्य प्रदेशातल्या बिनाची प्रयोगशाळा ती थेट ग्रिडमधून घेते. आपल्याकडे कराडला ४०० केव्हीचं सबस्टेशन आहे. वितरणाच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपुरती चाचणीची सोय त्या परिसरात का होऊ नये? दहा उद्योजकांना वेगवेगळं अनुदान वाटण्यापेक्षा त्या पैशात एक प्रयोगशाळा उभी करा, सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांना पुरेल.

आता माझ्याच भाऊबंदांना न आवडणारं लिहितो. स्थानिक म्हणून काहीही घ्या, असं मी म्हणत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला, म्हणजे आतल्या गाभ्याला, जे सीआरजीओ नावाचं खास स्टील लागतं ते देशात फार थोडं बनतं, नाशिकजवळचा एक कारखाना सोडला तर मोठी भिस्त आयातीवर. त्यामुळे जुन्या, भंगारात निघालेल्या ट्रान्सफॉर्मरची पत्री कापून नव्यात घालायचा धंदा या क्षेत्रात पूर्वापार चालत आलाय. स्वस्त पडतं, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा होता येतं. आणि मग गावात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. नियामक आयोगाच्या निकषानं ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यायची, पण ऊस वाळायला लागला की कोण निकष वाचत बसतो? लोक वर्गणी काढतात, ट्रॅक्टरमध्ये घालून स्वतः घेऊन येतात. त्या वर्गणीत आमच्या धंद्यातल्या चोरांचा वाटा आहे, हे आम्ही बैठकीत कधी बोलत नाही.

म्हणूनच नुसत्या सर्वांत कमी दराला माझा विरोध आहे. हिशेब बघा. २०१४ च्या आयएस ११८० मानकात १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला अर्ध्या भारावर लेव्हल १ मध्ये ५२० वॅट विजेचं नुकसान चालतं, लेव्हल ३ मध्ये ४३५. फरक ८५ वॅटचा, घरातल्या पंख्याएवढा. पण डीपी रात्रंदिवस चालू असते. वर्षभर अर्धा भार धरला तर एका डीपीमागे ७४५ युनिट. पंचवीस वर्षं टिकली तर साडेअठरा हजार युनिट, आणि ते शेवटी आपल्याच बिलात येतात. खरेदी करताना हे नुकसान किमतीत धरून तुलना केली, तर चांगली पत्री वापरणारा गावातला कारखानदारही जिंकू शकतो आणि भंगारवाला आपोआप बाहेर पडतो. त्यासाठी "स्थानिकांना प्राधान्य" असा फलकही लावावा लागणार नाही.

प्राधान्याचंही एक गौडबंगाल आहे. केंद्राच्या २०१७ च्या आदेशानं ५० टक्के स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात धरतात. पण सुटे भाग बाहेरून आणायचे, इथे बोल्ट आवळायचे, तेल भरायचं, रंग मारायचा आणि स्वतःच सही करून टक्केवारी लिहून द्यायची, याला मी उत्पादन म्हणणार नाही. स्मार्ट मीटरच्या बाबतीत तर मीटर कुठे जुळवला यापेक्षा त्यातली चिप आणि सॉफ्टवेअर कुणाचं, हे विचारा. टक्केवारी तपासायला माणूस पाठवा, कोअर कुठे कापला, कॉइल कुठे भरली, ते बघू द्या. आमच्या शेडमध्ये कधीही या, चहा पाजतो.

आणखी एक. तांबं, ॲल्युमिनियम, सीआरजीओचे भाव महिन्याला हलतात. आयईईएमए या वीज साहित्य उत्पादकांच्या संघटनेच्या निर्देशांकांवर दर बदलायचं सूत्र या धंद्यात कित्येक वर्षं रूढ आहे. तरी फर्म रेटची, म्हणजे न बदलणाऱ्या दराची ऑर्डर आली की मोठा ठेकेदार धोका खाली ढकलतो आणि तो येऊन बसतो आमच्या उंबऱ्यावर. किंमत बदलाचं सूत्र वरच्याला मिळत असेल तर खालच्यालाही मिळावं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्रची पुढची बैठक होईल, तिथे मी हे लेखी देणार आहे. बिल मान्य करण्याची मुदत, पॅकेज फोडून साहित्याचं वेगळं टेंडर, कराडच्या आसपास चाचणीची सोय, आणि नुकसान धरून दराची तुलना. सबसिडीचा एक शब्द त्यात नसेल. कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे, सातारा एमआयडीसीतल्या ज्यांची वीज साहित्याची बिलं ४५ दिवसांच्या वर अडकलीत, त्यांनी फक्त रक्कम आणि किती महिने झाले एवढं मला इनबॉक्समध्ये कळवा. तुमचं नाव कागदावर येणार नाही, ठेकेदाराचंही नाही. नुसती बेरीज मांडायचीय.