एक इंच म्हणजे एक एकर

आज दुपारी तालुक्याच्या पंपावर जे पाहिलं त्यानं डोकं सणकलं आहे, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

कुठल्यातरी ग्रुपवर "उद्यापासून पेट्रोल बंद" असा मेसेज फिरला. कोणी टाकला, कशावरून, कोणाला काही पत्ता नाही. दोन तासांत रांग बसस्टँडपर्यंत. पोट्ट्यांच्या हातात शीतपेयाच्या दोन-दोन लीटरच्या बाटल्या, एकाकडे तर पाण्याचा कॅन. त्याच रांगेत एक म्हातारा कास्तकार २० लीटरची पत्र्याची डबकी घेऊन उभा. गहू ४० दिवसांचा, वीज कनेक्शनचा अर्ज पडून आहे, विहिरीवर डिझेल इंजन. त्याचा नंबर आला तर पंपावरचा पोरगा म्हणतो, "डबकीत देत नाही बाबाजी, वरून ऑर्डर हाय." आणि हे म्हणताना दुसऱ्या हातातला नोझल एका बाटलीच्या तोंडात!

पंपवाल्याचंही थोडं खरं आहे. सुट्या भांड्यात इंधन देऊ नये, हे बरोबर. मग बाटलीत कसं चालतं? पेट्रोल डिझेलपेक्षा किती लवकर पेटतं हे पंपावर काम करणाऱ्याला मी सांगायचं का?

मंडळी, टंचाई म्हणजे काय हे आपल्या गावांना नवीन नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल आवळलं आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. त्या नोव्हेंबरात वाजपेयी दरवाढीच्या निषेधाला बैलगाडीतून संसदेत गेले, देशभर गाजलं. आमच्याकडे बंडी, म्हणजे बैलगाडी, रोजचीच, त्यात कोणाला काय नवल! पण १९७९-८० चा हिवाळा वेगळा होता. तिकडे इराणात क्रांती झाली, इकडे आसाम आंदोलनात बिहारातल्या बरौनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला जाणारं कच्चं तेल अडलं. तोवर गावोगाव विहिरींवर डिझेल इंजनं बसली होती, मोटा अडगळीत गेल्या होत्या. १९७३ ला पेट्रोल महागलं तेव्हा स्कूटरवाले कुरकुरले. १९७९ ला डिझेल आटलं तेव्हा उभं पीक धोक्यात आलं. दोन्हींना "ऑइल क्रायसिस" म्हणून एकाच पोत्यात भरणाऱ्यांनी वावर पाहिलेलं नसतं.

आमच्या गावच्या आबाजींची काडी मला आज रांगेकडे पाहताना आठवली. काडी म्हणजे बांबूची कमची, दोन हातांहून थोडी लांब, एका बाजूला इंचाइंचावर चाकूनं पाडलेल्या खाचा. डिझेलच्या ड्रमात घालायची आणि मोजायचं. बस एवढंच. पण त्या खाचा इंचाच्याच का, हे समजून घ्या. २०० लीटरचा उभा ड्रम, आतला व्यास पावणेदोन-दोन फुटांच्या मधला. त्यात एक सेंटिमीटर डिझेल म्हणजे अंदाजे अडीच लीटर. एक इंच म्हणजे सहा-साडेसहा लीटर. पाच हॉर्सपॉवरचं इंजन ताशी लीटरभर पितं, आणि एकरभर गव्हाचं ओलित करायला मध्यम खोलीच्या विहिरीवर सहा-सात तास लागतात. म्हणजे एक खाच, एक एकर, पाण्याची एक पाळी. आबाजी चौथी शिकलेले. त्यांनी हे गणित कागदावर मांडलं नव्हतं, कमचीवर मांडलं होतं.

काडी लावायचीही रीत आहे. आधी कोरड्या काडीला खडू घासायचा, म्हणजे ओली रेघ स्पष्ट उमटते. उघड्यावरच्या ड्रमाखाली एका बाजूनं वीट असते, पावसाचं पाणी वरच्या बुचाशी साचू नये म्हणून. रात्री थंडीत आतली हवा आकसते आणि बुचाभोवतीचं पाणी आत खेचलं जातं, हे कित्येकांना आजही माहीत नाही. मोजताना ती वीट काढायची, नाहीतर एक बाजू कमी इंच दाखवते, दुसरी जास्त. आणि तळचे दोन इंच हिशोबात धरायचेच नाहीत. तिथं पाणी आणि गाळ बसतो. ते इंजनात गेलं की फ्युएल पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) गंजतो, इंजनात डिझेल फवारणारा नोझल चिकटतो, आणि मग टंचाईत डिझेलही नाही अन् मिस्त्रीही नाही.

आता त्या बाटल्यांचं बोलू. अजून राग गेलेला नाही.

अरे, अफवेनं पंप कसा कोरडा होतो ते साधं आहे. समजा एका पंपाच्या भरवशावर दोन हजार मोटारसायकली आहेत. एरवी त्यातल्या थोड्याच रोज येतात, लीटर-दोन लीटर टाकून जातात. मेसेज फिरला की दोन हजारच्या दोन हजार त्याच दिवशी येतात आणि टाकी गळ्यापर्यंत भरतात. गाडीमागे आठ लीटर धरा, सोळा हजार लीटर गेले. अख्खा टँकर एका संध्याकाळी संपला, आणि गावात पेट्रोल तेवढंच आहे, फक्त जमिनीखालच्या टाकीतून घराघरात गेलं. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांच्या संपात हेच झालं होतं. संप दोन दिवसांत मिटला, रांगा मात्र नंतरही होत्या. टँकर आला नाही म्हणून त्रास झालाच, नाकारत नाही. पण अर्धा त्रास आपण घरात नेऊन ठेवला होता.

आबाजींच्या काडीवर १९७९-८० च्या त्या हिवाळ्यात तेरा खाचा भिजल्या होत्या. पुढचा माल कधी येईल, सांगणारा कोणी नव्हता. तळचे दोन सोडले तर अकरा. वावरात चार एकर गहू, दोन एकर हरभरा. गव्हाला मनासारखं पाणी द्यायचं तर चार-पाच पाळ्या, म्हणजे नुसत्या गव्हालाच सोळा-वीस इंच. नव्हतेच तेवढे. तेव्हा त्यांनी जे केलं ते आज कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापलेलं सापडतं. पाणी एकच असेल तर ४० ते ४२ व्या दिवशी द्या. दोन असतील तर पहिलं २० ते २२ व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना, दुसरं ६० ते ६५ व्या दिवशी फुलोऱ्यात. तीन असतील तर २१, ४२ आणि ६५. आबाजींनी दोन धरली. चार एकराला दोन पाळ्या, आठ खाचा. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एकेक, दोन खाचा. एक खाच हातची. मधली ४२ व्या दिवसाची पाळी त्यांनी सोडली. गहू मध्यंतरी पिवळा दिसायला लागला तरी ते इंजनाकडे फिरकले नाहीत, हे सगळ्यात अवघड. पीक मागतं आणि ड्रमात डिझेल दिसतं, तेव्हा हात आवरत नाही माणसाचा.

शेजारच्या धुऱ्यावरच्या कास्तकाराचा आवरला नाही. त्याच्याकडे जास्त डिझेल होतं. त्यानं पहिली पाळी दिली, दुसरी दिली, तीही भरभरून, पाटातून पाणी नाल्याला लागेपर्यंत. आणि फुलोऱ्याला ड्रम रिकामा वाजला. शिवाय इंजन चालू असतानाच टाकी आटली, म्हणजे इंजनानं हवा घेतली. हे अजून होतं, म्हणून नीट लिहितो.

टाकी कोरडी पडून इंजन बंद पडलं की नुसतं डिझेल ओतून हँडल मारत बसू नका, खांदा उतरेल. आधी टाकी निदान निम्मी भरा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करा. फेसाळ डिझेल येईल, बुडबुडे थांबून सलग धार लागेपर्यंत वाहू द्या, मग आवळा. त्यानंतर फ्युएल पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलला जाणाऱ्या बारीक नळीचा नट थोडा ढिला करा, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजनातला दाब सोडायचा, खटका वर करून हँडल फिरवा. नटापाशी डिझेल उसळ्या मारत आलं की आवळून टाका. पुन्हा हँडल फिरवलं की नोझलमधून करकर असा कोरडा आवाज यायला हवा. आला की खटका सोडा, इंजन धरेल. क्रम उलटा केलात तर मागची हवा पुन्हा पुढे येते आणि सगळं पहिल्यापासून. ओघळलेलं डिझेल खाली वाटी ठेवून धरा, फलालीनच्या फडक्यातून गाळून परत टाकीत. टंचाईत ती वाटीसुद्धा दहा मिनिटांचं पाणी असते.

पेट्रोल-रॉकेलवर चालणारी छोटी इंजनंही तेव्हा खूप होती. पेट्रोलवर चालू करायचं, चांगलं तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. लोक चुकायचे ते बंद करताना. बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं पुन्हा पेट्रोलवर आणावं लागतं, नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहतं आणि सकाळी थंड इंजन काही केल्या पेटत नाही, प्लग ओला होऊन बसतो. वर रेशनचं रॉकेल मोजून मिळायचं, त्यात घरचा स्टोव्ह आणि कंदील. कोणत्या घरात लेकरांच्या अभ्यासाचा कंदील विझवून वावर भिजवलं गेलं, ते गावात सगळ्यांना माहीत असायचं. त्या दिवसांना "साधं सुखाचं आयुष्य" म्हणणाऱ्या पोस्टी पाहिल्या की मला हसू येत नाही. काळाबाजार होता, मापात मारणं होतं, ओळख असलेल्याला आधी होतं.

आणि आबाजी काही संत नव्हते. शेजाऱ्याचा ड्रम वाजला तेव्हा ती हातची एक खाच त्यांनी त्याला दिली. दिली ती काडी लावून, एक इंच, त्याच्या फुलोऱ्यातल्या एका एकरापुरती. गाळण्यातून ओतताना सांडलं तेही त्याच्याच नावावर धरलं. चैतात टँकर आला तेव्हा परत घेतलं, तेही काडी लावूनच. लोक हसले. पण त्या साली त्या शिवारात जो एक एकर जास्तीचा गहू निघाला, तो त्या इंचाचा होता. हे टाइप करताना राग जरा उतरला खरा.

आजच्या बाबाजींचं काय झालं? डबकी रिकामीच घेऊन गेले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला सोबत न्यावं. टाकीत भरून द्यायला पंप नाही म्हणत नाही. वावरात आणून काढायचं, पण तोंडानं नळी ओढून नाही. ओढताना घोट फुप्फुसात गेला तर माणूस जाऊ शकतो. टाकीच्या तळापासून जमिनीवरच्या डबकीपर्यंत पुरेल एवढी पारदर्शक नळी घ्या, अख्खी टाकीत बुडवून भरू द्या, बाहेरचं टोक अंगठ्यानं घट्ट दाबा आणि ते टाकीतल्या डिझेलच्या पातळीखाली आणून डबकीत सोडा. धार आपोआप लागते. डबकी जमिनीवर ठेवा, ट्रॉलीत नाही.

आणि पोट्टेहो, तुमच्यासाठी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ते हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि तेच आधी इंजनाकडे जातं. म्हणजे असं साठवून तुम्ही पेट्रोल वाचवत नाही, नासवायची जोखीम घेता. बाटलीला ऊन लागलं की आत वाफ धरते, झाकणापाशी निसटते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत जाते. त्या बाटल्या आज रात्री घरात ठेवू नका. इंजिन थंड होऊ द्या, अंगणात, विडी-उदबत्तीपासून दूर, नरसाळं लावून गाडीच्या टाकीत ओता. मग बाटली चेचून टाका. वरुड-मोर्शीकडच्या घरात केशरी रंगाची बाटली दिसली की लेकराला संत्र्याचं सरबतच वाटणार. कोणी प्यायलंच, तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, आहे तसं उचला आणि सरळ दवाखान्यात न्या, बाटली सोबत घेऊन.