तीन टक्क्यांची कथा आणि छोट्या उद्दिष्टांवर होणारा अन्याय

ध्येयनिश्चितीविषयीचा एक संदेश गेली अनेक वर्षे व्याख्यानांतून आणि फोनवरून फिरत आहे. त्याचा आशय असा : १९५३ साली येल विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांपैकी केवळ ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपले ध्येय लिहून ठेवले होते आणि २० वर्षांनंतर त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त निघाली, म्हणून एकच भव्य ध्येय लिहा, आठवड्या-पंधरवड्याच्या किरकोळ उद्दिष्टांत शक्ती घालवू नका, ते ध्येय २१ दिवस रोज वाचा, म्हणजे सवय जडेल आणि पुढचे आपोआप घडेल. हा सल्ला मनापासून पाळणारा माणूस मध्येच अडखळतो तेव्हा दोष सल्ल्याला न देता स्वतःला देतो, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान येलच्या पाहणीचे. अशी पाहणी झालीच नव्हती. १९९६ साली एका अमेरिकी नियतकालिकाने तिचा माग काढला, तेव्हा ही कथा सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि मूळ कागद कोणाकडेच सापडला नाही. विद्यापीठालाही आपल्या नोंदींत तिचा पुरावा मिळाला नाही. याच कथेची दुसरी आवृत्ती हार्वर्डच्या नावाने १९७९ साल घालून सांगितली जाते, तिचीही अवस्था तीच आहे. शिवाय अशी पाहणी झाली असती, तरी लिहिल्यामुळे संपत्ती आली की मुळातच शिस्तीचे आणि सुस्थितीतले विद्यार्थी लिहिणारे होते, हा प्रश्न शिल्लकच राहिला असता.

दुसरे विधान, म्हणजे छोटी उद्दिष्टे शक्ती वाया घालवतात हे, सर्वांत अधिक नुकसान करणारे आहे, कारण येथे प्रत्यक्ष प्रयोग उपलब्ध आहेत आणि ते उलट दिशेला बोट दाखवतात. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गणितात मागे पडलेली आणि गणिताचा कंटाळा असलेली ७ ते १० वर्षांची मुले घेतली होती. वजाबाकीच्या अभ्यासाची ४२ पाने ७ बैठकांत करायची होती. एका गटाला दर बैठकीत साधारण ६ पाने पुरी करण्याचे सुचवले, दुसऱ्याला शेवटच्या बैठकीपर्यंत सर्व ४२ पाने पुरी करण्याचे सुचवले, तर तिसऱ्याला कोणतेही उद्दिष्ट दिले नाही. पाने तीच आणि बैठकाही तेवढ्याच, तरी पहिल्या गटातील मुलांची प्रगती वेगाने झाली, आपल्याला हे जमते असा त्यांचा विश्वास वाढला आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यात त्यांना रसही वाटू लागला. केवळ दूरच्या उद्दिष्टाचा मात्र दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही.

यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. ४२ पानांच्या उद्दिष्टासमोर तिसऱ्या बैठकीत आपण बरोबर चाललो आहोत की मागे पडलो आहोत, हे मुलाला कळत नाही. ६ पानांच्या उद्दिष्टासमोर ते त्याच दिवशी कळते, आणि मागे पडला असेल तर दुसऱ्या दिवशी पद्धत बदलता येते. प्रबंध लिहिणाऱ्याला किंवा नवी भाषा शिकणाऱ्यालाही हेच लागू आहे. म्हणून मोठे ध्येय टाकून द्यावे असा याचा अर्थ नव्हे. गॅरी लॅथम आणि जेरार्ड सेइट्स यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात, काहीशा गुंतागुंतीच्या कामात, दूरच्या ध्येयाला जवळच्या उद्दिष्टांची जोड मिळालेल्यांची कामगिरी सरस ठरली. विरोध छोट्या आणि मोठ्या उद्दिष्टांत नाहीच. तो संदेशाने निर्माण केला आहे.

येथे एक सावधगिरी मला प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तुकडे फार बारीक केले तर तेही जाचक होतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील १९८१ सालच्याच एका अभ्यासात रोजचे नियोजन करणाऱ्यांपेक्षा महिन्याचे नियोजन करणाऱ्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले, आणि ते पटण्याजोगे आहे : एखादा दिवस आजारपणात गेला की रोजचा तक्ता कोलमडतो, महिन्याच्या आराखड्यात मात्र तो दिवस सामावून घेता येतो. त्यामुळे बहुतेक कामांसाठी आठवड्याचे माप मला योग्य वाटते.

एकवीस दिवसांचे विधान थोडक्यात निकाली काढता येते. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले होते की बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास रुग्णांना किमान सुमारे २१ दिवस लागतात; पुढे त्यातील ‘किमान’ गळाले. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक ६६ दिवसांचा आला आणि व्यक्तीनुसार तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले.

राहिले ‘पुढचे आपोआप घडेल’ हे आश्वासन. पीटर गॉलवित्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असे आधीच ठरवणाऱ्यांकडून कामे लक्षणीयरीत्या अधिक पार पडल्याचे आढळले. ‘यंदा प्रबंध पूर्ण करीन’ हे वाक्य रोज वाचण्याने यातील काहीच ठरत नाही; ‘सोमवारी सकाळी चहा संपला की टेबलाशी बसून दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या दोन परिच्छेदांचा कच्चा खर्डा लिहीन’ यात वेळ, जागा आणि काम तिन्ही ठरलेले असते, आणि ते झाले की नाही हे सोमवारी दुपारीच कळते.