एका दिव्याचे १,९६० डॉलर

आज ऑगस्टचा तिसरा शनिवार. डेट्रॉइटकडच्या मंडळींना सांगायला नको, वूडवर्ड ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची दरवर्षीची मिरवणूक. सकाळपासून फीडवर नुसत्या शेपट्या. मागच्या मडगार्डांना पंख असलेल्या गाड्या, क्रोम, दोन रंगांच्या सीटा, आणि प्रत्येक फोटोखाली तेच: "जुनं ते सोनं", "आता अशा गाड्या बनत नाहीत". बनत नाहीत हे बरंच आहे, त्याच्यावर येतोच. पण आधी हा कागद बघा.

शेजाऱ्याच्या एसयूव्हीचा डावा हेडलाइट गेला. गाडी सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली. अंदाजपत्रक असं: हेडलाइट युनिट १,२८५ डॉलर. मजुरी तीन तास, ४९५. कोडिंग आणि कॅलिब्रेशन १८०. एकूण १,९६०, टॅक्स वेगळा. दिव्याला! कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

आता आज तुम्ही सगळ्यांनी जिचे फोटो टाकलेत ती १९५७ची शेव्हरोले बेल एअर घ्या. तिचा दिवा सात इंची गोल सीलबीम. काच, आरसा, तार सगळं मिळून एकच बंद भांडं. गेला तर पूर्ण भांडं बदलायचं, किंमत वीस डॉलरच्या आत-बाहेर, गल्लीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात फळीवर. ६०१४ म्हणा, किंवा हॅलोजन हवा असेल तर एच ६०२४. बाहेरचं क्रोमचं कडं काढा. आत एक पातळ रिंग दिसेल, तिचे तीन छोटे स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका, एक जरी मडगार्डात पडला तर अर्धा तास शोधत बसाल. रिंग थोडी फिरवली की सुटते. दिवा पुढे ओढा, मागचा तीन पायांचा प्लग काढा, नवीन दिव्याला लावा. दिव्याच्या पाठीवरचे कान खाचेत बसतात, उलटा बसतच नाही. रिंग, स्क्रू, कडं. दहा मिनिटं, तीही गप्पा मारत.

एकच खबरदारी. त्या तीन स्क्रूंच्या जोडीला स्प्रिंगवाले दोन मोठे स्क्रू दिसतात, एक वर आणि एक बाजूला. त्यांना हात लावायचा नाही. ते दिव्याची दिशा ठरवतात, वरचा वर-खाली आणि बाजूचा डावी-उजवी. घाईत लोक हेच फिरवतात आणि मग समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारत हिंडतात. फिरलेच असतील तर सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी लावा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर चिकटपट्टी लावा आणि डीपरच्या उजेडाची वरची कड पट्टीच्या दोनेक इंच खाली आणा. झालं तुमचं कॅलिब्रेशन. १८० डॉलर वाचले.

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९४० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना याच मापाचा दिवा. फोर्ड असो, प्लिमथ असो, ब्युइक असो. १९५७-५८ला चार दिव्यांची फॅशन आली तेव्हा पावणेसहा इंची गोल आला, १९७५ पासून चौकोनी आले. म्हणजे १९८३ पर्यंत सगळ्या मिळून चार मापं. चार! नेब्रास्कातल्या कुठल्या तरी पेट्रोल पंपावर रात्री नऊ वाजता तुमचा दिवा मिळायचा, कारण तो फक्त 'तुमचा' नव्हताच. मग फोर्डने सरकारकडे अर्ज केला, नियम बदलला, १९८४च्या लिंकन मार्क सेव्हनवर गाडीच्या नाकाला शोभेल असा पहिला दिवा लागला. वारा कमी अडतो, पेट्रोल वाचतं, हे सगळं मान्य. पण तेव्हापासून हळूहळू प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळा झाला, आणि आज तो शेजाऱ्याच्या हातात १,२८५ डॉलरचा कागद होऊन बसलाय.

हे आपल्याकडच्यांना तर जास्त कळायला हवं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जायच्या. त्याच्या आधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्स होती, १९५४ पर्यंत. महिंद्रची विलीज जीप, अ‍ॅम्बॅसेडर, बुलेट, तिघींचा दिवा सात इंचीच. आपल्याकडे तर त्याहून शहाणपणा: मागून रबरी टोपी काढून नुसता बल्ब बदलायचा. एसटी स्टँडबाहेरचा मेकॅनिक ते काम चहा थंड व्हायच्या आत करायचा.

बरं, आता तुमच्या शेपट्यांवर येतो. नुसतं "आहाहा" करणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा.

त्या बेल एअरचा उजेड खरं तर भिकार होता. बॅटरीतून निघालेला करंट डॅशबोर्डवरच्या बटणात जातो, तिथून पायाखालच्या डीपर स्विचात, तिथून पुढे दिव्यापर्यंत, सगळा साठ वर्षं जुन्या बारीक तारेतून. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. त्यात तेव्हा अल्टरनेटर नाही, जनरेटर, म्हणजे सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे पिवळे. दिवे मधूनच लुकलुकत असतील तर हेडलाइटच्या बटणातला सर्किट ब्रेकर गरम होऊन तुटतोय आणि जुळतोय असं समजा. एकच दिवा मंद असेल तर नव्वद टक्के वेळा अर्थिंग. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची तार जिथे पत्र्याला कसली आहे तो बोल्ट काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून परत कसा. आणि कायमचा इलाज हवा तर अपर आणि डीपरला एकेक ३० अँपियरचा रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच), बॅटरीपासून १२ गेजची तार, फ्यूज बॅटरीच्या जवळ. जुनं बटण मग फक्त रिले दाबतं. रात्र आणि दिवस इतका फरक पडतो.

दिव्याच्या वरची ती भुवई, जिच्यावर सगळे फिदा आहेत, ती आतून हमखास सडलेली असते. पुढचं चाक चिखल आणि मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात ते मीठ उडवतं, तो गाळ मडगार्डाच्या आत दिव्याच्या डोक्यावर साचतो, वर्षानुवर्षं ओला राहतो आणि पत्रा आतून बाहेर खातो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. विकत घेणार असाल तर आधी भुवईवर चुंबक फिरवा. चिकटला नाही तर ती भुवई नाही, पुट्टी आहे.

आणि सुरक्षेचं तर बोलूच नका. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकखणी, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन स्वतंत्र सर्किटं सक्तीची झाली तेव्हा १९६८ उजाडलं. सीटबेल्ट ऐच्छिक. स्टीअरिंगचा दांडा म्हणजे छातीवर रोखलेला भाला. २००९ मध्ये आयआयएचएसने, म्हणजे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने, १९५९ची बेल एअर आणि शेव्हरोलेचीच २००९ची मॅलिबू ताशी ४० मैलांनी समोरासमोर, थोडं बाजूने, एकमेकींवर घातल्या. मॅलिबूच्या ड्रायव्हरच्या पायाला इजा झाली असती. बेल एअरचा ड्रायव्हर मेला असता. पत्रा जाड म्हणजे गाडी मजबूत, हे कृपा करून पुन्हा लिहू नका.

देखभाल? दर हजार मैलांना ग्रीस, दहा-बारा हजारांना स्पार्क प्लग आणि पॉइंट (ठिणगीचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच). आज प्लगला लाख मैल बघायला लागत नाही. आणि जुनं सगळंच सोनं होतं म्हणता, तर त्याच ५७ सालचा टर्बोग्लाइड गिअरबॉक्स किती जणांनी काढून फेकला आणि जागी साधा दोन गिअरचा पॉवरग्लाइड बसवला, ते जाणकारांना विचारा. १९७१च्या शेव्हरोले 'वेगा' गाडीचं इंजिन तापून वाकायचं. ती आज वूडवर्डवर किती दिसली?

झालं समाधान? तरीही.

तरीही मी परत त्या १,९६० वर येतो. कारण सीटबेल्ट, दुहेरी ब्रेक, चुरगळून धक्का शोषणारं नाक, यातल्या एकाही गोष्टीसाठी दिवा चिकटवून बंद करायची गरज नव्हती. "नवीन हवं तर हेही घ्या" म्हणून आपल्या गळ्यात मारलंय ते.

शेजाऱ्याच्या दिव्याचं नेमकं काय झालंय ते सांगतो. एलईडी जळलेले नाहीत. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, गार झाला की बाहेरची आत खेचली जाते. त्यासाठी मागे एक छोटी जाळीवजा पडदी असते. ती धुळीने बुजली की हवा मग काच आणि घराच्या मधल्या चिकट सांध्यातून वाट काढते, सोबत पाणी. ते पाणी तळाशी जमतं आणि तळाशीच एलईडीला करंट देणारा ड्रायव्हर बसवलेला. आज टॉर्च मारून पाहिलं, कनेक्टरच्या पिना हिरव्यागार. म्हणजे हातभर दिव्यात मेलाय काय, तर काडेपेटीएवढा डबा. बऱ्याच गाड्यांत तो बाहेरून चार टॉर्क्स स्क्रूंवर असतो, या गाडीतही आहे. पण कंपनी तो सुटा विकत नाही. पूर्ण दिवा घ्या. पूर्ण दिवा बसवायला पुढचा बंपर उतरवा, बंपर उतरवला की त्याच्या मागच्या रडारचं कॅलिब्रेशन करा, आणि नवीन दिवा गाडीच्या नंबराशी जुळवल्याशिवाय कॉम्प्युटर त्याला ओळखणार नाही. चूल फुंकायला पुरोहित बोलावल्यासारखं.

संताप याचा येतो की इंजिनियरला हे टाळता येतं. ५७च्या त्याच शेव्हीच्या व्ही-८ इंजिनात प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची एक इवलीशी खिडकी आहे. पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजतो, झिजला की गॅप कमी होते, पॉइंट जास्त वेळ जुळलेले राहतात, टायमिंग मागे पडतं आणि गाडी ओढत नाही. आधी गॅप लावायची तर टोपी आणि रोटर काढून, फिलर गेज घालून मान वाकडी करावी लागायची. ५७ला तो डिस्ट्रिब्युटर बनवणाऱ्या डेल्को कंपनीतल्या कुणी तरी विचार केला असणार की हे काम करणारा माणूस बॉनेटखाली ओणवा आहे, इंजिन गरम आहे. म्हणून खिडकी. इंजिन चालू ठेवायचं, खिडकी वर सरकवायची, एक अष्टमांश इंची अ‍ॅलन की घालून उजवीकडे फिरवत जायचं, इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं आणि अर्धा आटा मागे यायचं. डवेल, म्हणजे पॉइंट जुळलेले राहतात तो कोन, तीस अंशांच्या आसपास आपोआप येतो. मीटर असेल तर पाहा, नसेल तरी गाडी पळते.

ती अर्ध्या आट्याची गोष्ट मला क्रोमपेक्षा जास्त देखणी वाटते. कुणी तरी कारखान्यात बसून आपल्या हाताचा विचार केला होता. (हळवा झालो. चालायचंच, आज क्रूझ आहे.)

हो, माहीत आहे, नवीन दिवा वळणावर वळतो, उजेड कितीतरी चांगला. २०२२ पासून समोरच्या गाडीपुरता अंधार पाडणारे दिवेही इथे कायदेशीर झाले. छान आहे. त्याचा ड्रायव्हर सुटा विका, एवढंच म्हणतोय. मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ला आणि पुन्हा २०२०ला मतपेटीतून मंजूर करून घेतला. आपल्या मिशिगनला, जिथे या गाड्या जन्मल्या, तिथे आपण काय करतो, शेपटीसोबत सेल्फी.

तुमच्यापैकी कुणाचा एलईडी दिवा गेला तर पैसे भरण्याआधी एवढं करा. फ्यूज बघा. दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर अदलाबदल करून बघा, बिघाड बाजू बदलतो का. बदलला तर दिवा जिवंत आहे. मग भंगारवाल्या यार्डात त्याच मॉडेलचा, पुढून न ठोकलेला दिवा शोधा आणि ड्रायव्हरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. आतलं पाणी काढल्याशिवाय आणि ती पडदी बदलल्याशिवाय नवीन ड्रायव्हर लावू नका, नाहीतर सहा महिन्यांत परत हेच. दिवा उघडायचाच असेल तर आधी सांधा बघा: मऊ रबरी ब्युटिलचा असेल तर गरम करून सुटतो, कडक गोंदाचा असेल तर काच फुटेल पण सुटणार नाही.

शेजाऱ्याला यार्डात एक मिळालाय, ९० डॉलरला, सोमवारी येतोय. उद्या बंपरच्या क्लिपा आणायच्यात. चौदा आहेत, चार तरी काढताना तुटणारच, म्हणून वीसचं पाकीट सांगितलंय.