पिग्मीची वही आणि नॅशव्हिलची बादली

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद चालू आहे. नाशिकच्या कॉलेज रोडला वॉटर प्युरिफायरची एजन्सी चालवणाऱ्या मित्राने एका रात्री लिहिलं, "सहा महिन्यांत चौथा पोरगा सोडून गेला. आपल्या मराठी पोरांना विकता येत नाही, हेच खरं." मग नेहमीचं सगळं निघालं. नोकरीची ओढ, धंद्याची लाज, एकदा 'नाही' ऐकलं की पुन्हा त्या दाराची बेल न वाजवणं. कोणीतरी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं उदाहरण काढलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे नवी मुंबईत आणि अहमदाबादला कार्यक्रम झाले, नवी मुंबईची तिकिटं तर आधीच्या सप्टेंबरातच हातोहात संपली होती. "गाणाऱ्यांचं बरं असतं," त्याने लिहिलं, "त्यांना विकावं लागत नाही. लोक आपणहून रांग लावतात."

हे वाक्य मला झोंबलं. मी अठरा वर्षं विक्रीत आहे, आधी अंबडच्या एमआयडीसीत प्रेशर गेज विकायचे, आता अमेरिकेत कारखान्यांना मोजमापाची उपकरणं विकते. आणि मी राहते नॅशव्हिलला, कंट्री या अमेरिकी लोकवळणाच्या संगीताच्या शहरात. गाणारे-वाजवणारे पोटासाठी काय काय करतात ते इथे रोज दिसतं. ते विकतात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक एरिया मॅनेजरांपेक्षा जास्त मन लावून विकतात.

इथल्या ब्रॉडवे रस्त्यावर ओळीने बार आहेत. दुपारपासून प्रत्येकात बँड वाजत असतो. बहुतेक ठिकाणी आत जायला तिकीट नाही. एक बँड साधारण चार तास वाजवतो, मग दुसरा येतो, आणि त्यांची बरीचशी कमाई टिपांवर असते. गाणं चालू असतानाच बँडमधलं कोणीतरी बादली घेऊन टेबलांमधून फिरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कसंसंच झालं. कलावंताने असं हात पसरत फिरावं? पण पुढच्या वेळी नीट लक्ष देऊन बघत बसले. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी एक मुलगी बादली घेऊन आली होती आणि पैशाचं नावही काढत नव्हती. कुठून आलात, कशासाठी आलात, काय ऐकायचंय, एवढंच विचारत होती. एका टेबलावर एक म्हातारं जोडपं लग्नाचा वाढदिवस साजरा करत होतं. ती स्टेजवर परत गेली आणि तीन गाण्यांनंतर त्या दोघांची नावं घेऊन त्यांची फर्माईश वाजवली. आजोबा उठून स्वतः बादलीपर्यंत गेले.

गाणं आणि विक्री यांची इथली सोयरीक जुनी आहे. ग्रँड ओल ऑप्री हा या शहराचा जगप्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम १९२५ मध्ये सुरू झाला, आणि ते रेडिओ केंद्र होतं एका विमा कंपनीचं. 'डब्ल्यूएसएम' ही केंद्राची अक्षरं म्हणजे 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो' या कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं. कंपनीचे एजंट आठवड्याचा हप्ता गोळा करायला घरोघर जायचे. शनिवारी रात्री रेडिओभोवती जमलेल्या घराचं दार पुढच्या आठवड्यात वाजवताना ते आपली ओळख ऑप्रीवाल्या कंपनीचा माणूस अशी करून द्यायचे. दार उघडायचं.

हे वाचलं तेव्हा मला माझे बाबा आठवले. ते एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत, सायकलवर, रोज संध्याकाळी. कोणाकडून दहा रुपये, कोणाकडून पन्नास. सुट्टीत मी मागे कॅरिअरवर बसून जायचे. बाबांच्या वहीत रकमेच्या पुढे शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात पैशाचं काही नसायचं. 'मुलीची दहावी.' 'मंगळवारी बंद.' 'आईचं मोतीबिंदू, पुढचा आठवडा विचारू नये.' एखाद्या दुकानात ते पैसे न घेता नुसते चहा पिऊन निघायचे. मला वाटायचं, आज फुकट खेप झाली. त्या दुकानदाराचं खातं बाबा निवृत्त होईपर्यंत चालू होतं.

फिडलवाली मुलगी तीन गाणी जे मनात धरून ठेवते, तेच बाबा वहीत लिहून ठेवायचे. यशस्वी संगीतकारांच्या मार्केटिंगबद्दल जे जे वाचलं, पाहिलं, त्यात मला हाच रकाना पुन्हा पुन्हा सापडतो. ग्रेटफुल डेड या बँडने १९७१ च्या एका रेकॉर्डच्या वेष्टनात श्रोत्यांना लिहिलं होतं : तुम्ही कोण, कुठे असता, आम्हाला कळवा, आम्हीही तुम्हाला कळवत राहू. नावं आणि पत्ते आले, त्यांची यादी झाली, आणि पुढे त्यांना वर्षानुवर्षं पत्रकं जात राहिली. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांना हाकलायचं सोडून या लोकांनी १९८४ पासून त्यांच्यासाठी बसायची वेगळी जागा ठेवली. अट एकच, त्या कॅसेट विकायच्या नाहीत. गार्थ ब्रूक्स हा कंट्री संगीतातला सर्वात मोठ्या नावांपैकी एक. १९९६ च्या जूनमध्ये तो नॅशव्हिलच्या चाहत्यांच्या मेळ्यात येऊन बसला आणि सलग तेवीस तास सह्या देत राहिला. तोवर त्याच्या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या होत्या. नवी रेकॉर्ड खपवायला त्याला तिथे बसायची गरज नव्हती.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा मित्राचं उत्तर आलं, "प्युरिफायरवर कोणी जीव लावत नाही गं. आणि फुकट दिलं की किंमत राहत नाही."

पहिला मुद्दा मला मान्य आहे. गाण्यावर माणूस जीव लावतो, यंत्रावर नाही. पण फुकटचं म्हणशील तर नाशिकचा चिवडेवाला पुडा बांधण्याआधी मूठभर चिवडा तळहातावर ठेवतोच की. आणि फुकट तर तुझी पोरंही देतात. काय देतात, ते बघू. घरात गेल्यावर ती दोन सळयांचा डेमो दाखवतात. नळाच्या पाण्यात सळया बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होतं, गाळ दिसतो, बाई घाबरते. शेजारच्या ग्लासातलं प्युरिफायरचं पाणी तसंच राहतं. खरं काय होतं ते तुलाही माहीत आहे. लोखंडाची सळई विजेने झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात ते फार कमी, म्हणून तिथे काहीच घडत नाही. पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे या खेळातून कळत नाही. ग्रेटफुल डेडने श्रोत्याच्या हाती खरं गाणं दिलं होतं. आपण बाईच्या हाती भीती देतो. तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा संध्याकाळी मोबाइलवर हे शोधून काढतो, आणि त्या दाराची बेल पुन्हा वाजवायची सोय राहत नाही. तुझी चार पोरं का गेली? मला वाटतं, त्यांना विकता येत होतं. रोज खोटं दाखवणं जमलं नाही.

मित्राला हे लागलं. त्याने दोन दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. पण मी ते मागे घेणार नाही.

अमेरिकेत सगळं शहाणपण भरून वाहतंय, असंही माझं म्हणणं नाही. इथे मला रोज यंत्राने लावलेले विक्रीचे फोन येतात, गाडीच्या वॉरंटीपासून विम्यापर्यंत. संगीताच्या धंद्यातही घेऊ नये असं पुष्कळ आहे. एकच अल्बम वेगवेगळ्या मुखपृष्ठांत काढून त्याच चाहत्याला चार वेळा विकणं, मागणी चढली की तिकिटाचा दर चढवणं. प्रेम करणाऱ्या माणसाच्या खिशाचा अंदाज घेऊन भाव ठरवला की तो एक दिवस हिशोब करायला बसतो.

पण एक गोष्ट इथे मला आपल्यापेक्षा बरी भेटली. माझ्या आताच्या कंपनीत विक्रेता बदलला की नवा आणि जुना दोघं मिळून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जातात. अंबडची नोकरी सोडताना माझी पाच वर्षांची डायरी जमा करून घेतली गेली आणि नव्या मुलाला त्यातले फक्त फोन नंबर एका शीटवर मिळाले. वर्षभराने सिन्नरच्या एका कारखान्यातून स्टोअरच्या काकांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही गेल्यापासून इकडे कोणी फिरकलंच नाही." ते गेज दुसऱ्या कंपनीकडून घ्यायला लागले होते, आणि मला फोन केला होता तो मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. आपल्याकडे माणसं जोडणारे विक्रेते कमी नाहीत. त्यांनी जोडलेलं जपायची रीत कंपन्यांनी लावलेली नाही. दिवसाला किती कॉल मारले याची नोंद होते, मागच्या गिऱ्हाइकाचं यंत्र कसं चाललंय याची होत नाही.

मराठी माणसाला विकता येत नाही, या म्हणण्याला तर नाशिकमध्येच उत्तर आहे. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्कर सभागृह आहे, आपण सगळे तिथे कधी ना कधी गेलोय. ज्यांच्या घराण्याचं ते नाव, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून मिरजेला गाणं शिकले. त्या काळी गवयाला पोट भरायचं तर संस्थानिकाचा आश्रय हवा. हा माणूस मिरज सोडून निघाला आणि सौराष्ट्रात नाममात्र तिकीट लावून सामान्य लोकांपुढे गायला. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या पैशावर. स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, १९०८ मध्ये मुंबईला शाखा आणली. तिथल्या इमारतीचं कर्ज मात्र अंगावर आलं आणि ती गेली. मग ते नाशिकला येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. विष्णु दिगंबर १९३१ मध्ये गेल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना आपल्या ग्रुपमधली किती तरी जणं बसली होती, आठवतंय ना?

मी प्रवेशिका पूर्ण झाले आणि थांबले. माझा आवाज बेताचा होता, गाणारी होणार नाही हे बाईंना पहिल्याच वर्षी कळलं असणार. तरी यमन राग कळायला लागला. आज अटलांटाला कोणाची मैफल असली की मी चार तास गाडी हाकत जाते, तिकीट काढते, पुढच्या रांगेत बसते. लाहोरला शाळा काढणाऱ्या त्या माणसाने गवयांच्या जोडीने गिऱ्हाइकंही घडवली, आणि ती सव्वाशे वर्षं पुरली आहेत. हे मार्केटिंग नव्हे तर काय?

तेव्हा मित्रा, चार पोरं गेली त्याचा शोक पुरे. मी डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला येतेय. नव्या घरांची यादी मला नको. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी तुझ्याकडून मशीन घेतलं त्यांची दे. दोन पोरं माझ्याबरोबर दे. सळया दुकानात राहू देत. जाऊ, बसू, कॅन्डल कधी बदलली विचारू, पाण्याला वास येतो का ते विचारू, फिल्टर बघू. विकायचं काही नाही. पंचवटीपासून सुरू करू आणि जमेल तिथपर्यंत जाऊ.

काल त्याने ग्रुपवर न टाकता मला एकटीला यादी पाठवली. शंभरावर नावं आहेत. नाव, मॉडेल, तारीख, रक्कम. काही घरांपुढे फोन नंबर आहे तो सोडून गेलेल्या पोरांचाच. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे, आणि तो वरपासून खालपर्यंत रिकामा आहे.